पेन्सिलने उजळलेल्या मुली

लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर बाबांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, मागे रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि फुलांची कुंडी, दोन मोठे दिवे, एक स्टूल, आणि पार्टिशनच्या पलीकडे डार्करूम, जिथे कायम हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास यायचा. तुळशीचं लग्न लागलं की बाबांचा सीझन सुरू, आणि त्यात लग्नाच्या ऑर्डरी कमी, स्थळासाठी काढायचे फोटो जास्त. परळ, काळाचौकी, शिवडीपासून मुली यायच्या, बरोबर आई नाहीतर मामी, पिशवीत इस्त्रीची साडी आणि पावडरचा डबा, आणि निघताना ती आई हळू आवाजात एकच सांगायची, "जरा उजळ येऊ द्या हां."

बाबा उजळ आणायचे. कसं ते मी रोज बघायचे, कारण शाळा सुटली की मी तिथेच बसून गृहपाठ करायचे. निगेटिव्ह धुऊन, दोरीवर चिमट्याने वाळवून झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी ते रिटचिंगच्या डेस्कवर बसायचे. उतरतं लाकडी खोकं, मध्ये दुधी काच, खाली आरसा, तो आरसा खिडकीचा उजेड वर फेकायचा. पत्त्याच्या पानापेक्षा जरा मोठी अशी ती निगेटिव्ह काचेवर ठेवायची, कापसाने तिच्यावर मीडियम नावाच्या चिकट द्रवाचा हात फिरवायचा म्हणजे पेन्सिल धरते, मग पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी करायची आणि डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला, गालावर, कपाळावर बारीक बारीक स्वल्पविराम काढत बसायचं. एका चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास, तोही श्वास रोखून. मी एकदा विचारलं, बाबा, तुम्ही तिला काळं का करताय? तर मान वर न करता म्हणाले, "इथे काळं केलं की तिथे गोरं होतं गं."

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं ना, काळे केस पांढरे, पांढरी साडी काळी. जिथे पेन्सिलचा थर चढला तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर तेवढा भाग फिकट उमटतो. म्हणून मुलीला गोरं करायचं तर आधी तिला निगेटिव्हवर काळं करावं लागायचं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. सुंदर म्हणजे काय हे जगात ठिकठिकाणी वेगळं असतं हे पुढे मी खूप वाचलं, पण त्याचं मला कधी फार आश्चर्य वाटलं नाही, कारण सुंदर हे कुणीतरी बसून हाताने बनवतं हे मी लालबागमध्ये रोज दुपारी बघितलेलं होतं.

ते साल १९८१. आमची आत्या तेव्हा तेवीस वर्षांची, पोस्टात तात्पुरती नोकरी करणारी, आणि रंगाने आजीवर गेलेली. म्हणजे काळी. घरात सगळे तिला सावळी म्हणायचे. आपल्याकडे या शब्दांची एक अख्खी शिडी आहे, गोरी, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, आणि सगळ्यात खालच्या पायरीवरचा शब्द बायोडाटात कधीच लिहायचा नसतो, तिथे प्रत्येक मुलगी एकदोन पायऱ्या वर चढवलेली असते. मी आजवर नातेवाइकांचे कितीतरी बायोडाटे टाइप करून दिलेत, उंची, रक्तगट, नाडी, आणि वर्ण, पण वर्णापुढे 'काळा' लिहिलेला एकही बघितला नाही. आणि आपण रोज ज्याच्यासमोर हात जोडतो तो विठ्ठल काळा, कृष्णाच्या तर नावातच काळा रंग, द्रौपदीचं एक नाव कृष्णा तेही रंगावरूनच, आणि त्याच घरात बाळंतीण होणाऱ्या सुनेला केशर घातलेलं दूध देतात, का तर बाळ गोरं व्हावं.

बाबांनी आत्याचा फोटो काढला, आणि बहीणच म्हटल्यावर रिटच करायला दोन तास घेतले. ठाण्याहून मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने पर्समधून तो फोटो काढला, एकदा फोटोकडे बघितलं, एकदा आत्याकडे, आणि बाबांना म्हणाली, "फोटोत उजळ वाटली होती हो." एवढंच, आवाजही चढवला नाही. बाबा कपबशीकडे बघत राहिले. आत्या आत गेली आणि पोह्यांची पातेली घासायला बसली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

रात्री ती बाबांना म्हणाली, "दादा, माझा दुसरा फोटो काढ, आणि त्याला पेन्सिल लावू नकोस." बाबा म्हणाले, काढू की, पुढच्या आठवड्यात. तो आठवडा कधी आलाच नाही. आजीच मध्ये पडली, असा फोटो बाहेर पाठवला तर पोरीला कोण विचारणार म्हणून, आणि बाबांचं आजीपुढे काही चालायचं नाही.

आता आजीचं सांगते, कारण हीच आजी या सगळ्यातली मला न उलगडलेली बाई आहे. संगमेश्वरकडची, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट गोंदण, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावून दात तपकिरी-काळे झालेले. तिला त्याची लाज बिलकुल नव्हती. ती सांगायची की तिच्या आईच्या पिढीतल्या बायका मुद्दाम दातवण लावून दात काळे करायच्या, तेव्हा ते चांगलं दिसायचं, पांढरेफेक दात म्हणजे काय गो, कुत्र्याचे दात. मला वाटायचं हे आपल्याच गावाकडचं काहीतरी असणार. पुढे जपानबद्दल वाचताना ओहागुरो हा शब्द सापडला आणि मी वाचता वाचता थांबले, कारण तिथल्या खानदानी बायका कित्येक शतकं हेच करत होत्या, लोखंडाचा कीस व्हिनेगरसारख्या आंबट द्रवात मुरवायचा, त्यात झाडावरच्या गाठींची तुरट पूड घालायची, आणि तो काळा रंग दातांना चढवायचा, परत परत, उतरू नये म्हणून. चेहऱ्याला पांढरा लेप आणि दात लाखेसारखे काळे चकचकीत, हे तिथलं रूप. १८७० मध्ये तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना हे बंद करायला लावलं आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, का तर आता पाश्चात्त्य देशांबरोबर उठबस करायची होती आणि त्यांना काळे दात भयंकर वाटायचे. शेकडो वर्षं जे सुंदर होतं ते थोड्याच वर्षांत ओंगळ ठरायला लागलं, दात तेच.

व्हिएतनाममध्ये तर याहून पुढचं. १७८९ साली चीनच्या फौजेशी लढायला निघालेल्या क्वांग त्रुंग राजाने सैनिकांना सांगितलं होतं की आपले लांब केस राहावेत म्हणून लढा, आपले काळे दात राहावेत म्हणून लढा. दातांचा काळा रंग म्हणजे आपण कोण आहोत याची खूण. आणि इथे माझ्या लेकीच्या वर्गातल्या मुली सतराव्या वर्षी क्लिनिकमध्ये जाऊन स्माइल डिझाइनचे रेट विचारून येतात. आजी हे ऐकून काय म्हणाली असती मला माहितीये, कुत्र्याचंच नाव घेतलं असतं तिने.

पण ह्याच आजीला लेकीचा काळा रंग खुपायचा. म्हणजे काळे दात चालतात, काळं गोंदण चालतं, काळी पोर चालत नाही. मी पूर्वी सरळ इंग्रजांना दोष द्यायचे, की गोऱ्या साहेबाने हे वेड आणलं. साहेबाने त्यात भर घातली हे खरंच, पण सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही, कारण जपानमध्ये फार जुनी म्हण आहे की गोरा रंग सात दोष झाकतो, आणि ती तिथे साहेब पोचायच्या कितीतरी आधीपासूनच्या समजुतीतून आलेली आहे. उन्हात राबणारी ती काळी, सावलीत बसून खाणारी ती गोरी, इतका तो सरळ हिशोब. आजी स्वतः आयुष्यभर भाताच्या लावणीला वाकलेली बाई. तिला लेकीच्या रंगात बहुतेक ते शेतच दिसत असणार, आणि लेकीने त्या शेतात परत जाऊ नये एवढंच तिला पाहिजे असणार. हे मला आत्ता पन्नाशीत कळतंय, तेव्हा मी आजीशी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि हा हिशोब उलटा पण फिरतो, ते मी ऑफिसात बघितलं. अंधेरीला आमचं एक्सपोर्टचं काम आहे, एका डिसेंबरात जर्मनीची एक क्लायंट आली होती, शनिवार-रविवार गोव्याला जाऊन आली आणि सोमवारी सगळ्यांना खांद्यावरचा ब्लाउजच्या पट्ट्याचा पांढरा वळ दाखवत होती, बाकी खांदा तांबूस-तपकिरी, आणि इतकी खूश. त्याच संध्याकाळी मी भाचीबरोबर दादरला पार्लरमध्ये, तिचं ब्रायडल पॅकेज चालू होतं, आणि ती पार्लरवाली तिच्या हातावर ब्रशने थंडगार पेस्ट लावत सांगतेय, "ताई, डी-टॅन तीन सिटिंग करायलाच लागणार, हात आणि चेहरा मॅच नाही होत." एकच ऊन, एकच दिवस. एकीने पैसे मोजून रंग अंगावर चढवून घेतला, दुसरी पैसे मोजून उतरवून घेत होती. युरोपात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत बायका छत्री घेऊनच फिरायच्या, आपल्यासारख्याच, त्याच्याही आधी तर श्रीमंत बायका शिशाचा पांढरा लेप चेहऱ्याला थापायच्या, जो विषारी. मग गरीब माणूस शेतातून कारखान्यात गेला, उजेड न बघता फिकट पडला, आणि समुद्रकिनारी सुट्टी घेऊन पडून राहणं हे ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं लक्षण झालं. १९२० च्या दशकापासून टॅन ही फॅशन. मग ऊन नसेल तेव्हा झोपायला दिव्यांच्या पेट्या निघाल्या, ज्या टॅनिंग बेडना २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं, तंबाखू आहे त्याच यादीत. आणि इकडे गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडतो, जो किडनी खातो. हे वाचल्यावर मला मजा नाही वाटत, मला भाचीचे ते पुढे धरलेले दोन हात आठवतात.

खरं सांगायचं तर रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसाच्या कातडीत आणि काळ्या माणसाच्या कातडीत जवळपास सारख्याच संख्येने असतात, फरक त्या किती आणि कसा रंग बनवतात त्याचा. जिथे ऊन तिखट तिथे पिढ्यान्पिढ्या जास्त रंग, कारण तो सांभाळतो. आत्याची कातडी कोकणातल्या उन्हाला शोभेल अशीच होती.

बारीक-जाडचं पण तसंच. लहानपणी गावाला गेलं की "तब्येत सुधारली गो!" हे कौतुक असायचं, खात्यापित्या घरची दिसते म्हणायचे, आणि हडकुळ्या मुलीच्या आईला लोक डॉक्टर सुचवायचे. मॉरिटानियात आजही काही घरांत मुलींना उंटाचं दूध आणि कुसकुस बळजबरीने भरवतात, ओकारी आली तरी, लग्नाआधी अंग भरावं म्हणून, कारण वाळवंटात जाड बायको म्हणजे नवऱ्याकडे जनावरं भरपूर आहेत. फिजीच्या बेटांवर अंग भरलेलं असणं म्हणजे माणसांनी तुझी नीट काळजी घेतली असा अर्थ. त्या फिजीत १९९५ साली नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. ॲन बेकर नावाच्या हार्वर्डच्या डॉक्टरने टीव्ही आल्या आल्या तिथल्या शाळेतल्या मुलींना प्रश्न विचारले आणि तीन वर्षांनी परत तितक्याच वयाच्या मुलींना विचारले. वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही नव्हती. १९९८ मध्ये शंभरात अकरा होत्या. तीन वर्षांत! मुलींनी सांगितलं, टीव्हीतल्या बायकांसारखं व्हायचंय, तशा दिसल्या तर नोकरी चांगली मिळेल.

मला ते वाचताना लालबागच आठवलं. आमच्याकडे केबल आली नव्वदच्या सुरुवातीला, आणि १९९४ मध्ये एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी दोन्ही किताब आपल्याकडे आले, आम्ही चाळीत पेढे खाल्ले, खरंच खाल्ले, आनंद खरा होता. त्यानंतर बघता बघता गिरणीच्या बंद दारांसमोर, गल्लीगल्लीत पार्लरच्या पाट्या लागल्या, आणि 'तब्येत सुधारली' हे वाक्य मुलीला रडवायला पुरेसं झालं. 'बारीक झालीस!' हे नवीन कौतुक. एका मैत्रिणीला कावीळ झाल्यावर सुद्धा म्हटलं होतं कुणीतरी.

बाकी दुनियेचं किती सांगू. नायजेरियात पुढच्या दोन दातांत फट असली की देखणी म्हणतात, फ्रान्समध्ये तिला नशीबवान दात म्हणतात, आणि इथे आठवीतल्या पोरीला त्याच फटीसाठी तारा लावतात. ताजिकिस्तानात दोन्ही भुवया मध्ये जोडलेल्या सुंदर, नसतील तर उस्मा नावाच्या पानांचा रस काढून मधली जागा रंगवायची, आणि आमच्या पार्लरवालीचा दोरा पहिल्यांदा तिथेच फिरतो. तेहरानमध्ये नाकाचं ऑपरेशन केलेल्या मुली पट्टी लावून रस्त्यावर बिनधास्त फिरतात कारण ते घरी पैसा असल्याचं चिन्ह, सोलमध्ये पापणीला एक घडी पाडून घ्यायला मुली बारावीचा निकाल लागल्यासारख्या रांगेत. नायजरमधल्या वोडाबे लोकांत तर पुरुष नटतात, चेहरे रंगवतात, डोळ्यांचा आणि दातांचा पांढरा रंग दिसावा म्हणून डोळे वटारून दात दाखवत नाचतात, आणि निवड करतात बायका.

हे सगळं माहीत असूनही एक गोष्ट मला कबूल करायची आहे. लेकीला मी हे सगळं सांगितलं, तिला मागच्या वर्षी कॉलेजात कुणीतरी रंगावरून बोललं तेव्हा, अगदी जपानपासून सांगितलं, की बघ, जगात किती वेगवेगळं असतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, पण मी जगात नाही ना राहत, मी इथे राहते." मला उत्तर आलं नाही. नायजेरियात कुणाला काय सुंदर वाटतं याचा सकाळी ८:१२ च्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या मुलीला काय उपयोग. तिला रोज जे डोळे बघतात ते इथलेच.

मग मी तिला आजोबांच्या पेन्सिलचं सांगितलं. आणि कलर फिल्मचं सांगितलं. ते तिला जास्त पोचलं.

कलर फिल्मचं असं. ऐंशीच्या दशकात बाबांनी कलर सुरू केलं, रोल धुवायला लॅबमध्ये जायचे. कलरमध्ये पेन्सिल चालत नाही तशी, आणि लग्नाच्या फोटोत कायम एकच भानगड व्हायची, नवरी बरोबर यायची आणि शेजारी उभी असलेली आत्या म्हणजे नुसते डोळे आणि दात, बाकी चेहऱ्याच्या जागी काळा डाग, नाक नाही, गाल नाही. बाबा म्हणायचे, माझंच लाइटिंग चुकतं. दिवे हलवून बघितले, छत्री लावून बघितली, एक्स्पोजर वाढवलं तर नवरीचा चेहरा जळायचा. ते जाईपर्यंत त्यांना वाटत होतं की काळ्या माणसाचा फोटो आपल्याला जमत नाही.

ते गेल्यानंतर मी वाचलं की रंग बरोबर आलेत का हे तपासायला कोडॅक कंपनी लॅबना एक कार्ड पाठवायची, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, पन्नासच्या दशकापासून. पहिली बाई कंपनीतलीच, शर्ली नावाची, म्हणून त्याला शर्ली कार्डच म्हणायचे. तिची कातडी बरोबर उमटली म्हणजे फिल्म बरोबर, मशीन बरोबर. फिल्मच त्या कातडीसाठी जुळवलेली. काळ्या मुलांच्या आयांनी शाळेच्या फोटोंबद्दल तक्रारी केल्या होत्या, पण कंपनीतल्याच माणसांनी पुढे सांगितलं की खरी हालचाल झाली ती चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केल्यावर, की आमच्या मालातले तपकिरी रंग नीट येत नाहीत. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका असलेलं कार्ड नव्वदच्या दशकात आलं. मी ते वाचून खूप रडले. आत्यासाठी रडले, पण जास्त बाबांसाठी. माणसाने पंचवीस वर्षं दिवे हलवले.

लेक हे ऐकून गप्प झाली आणि मग तिने फोन काढून मला दाखवलं, कॅमेऱ्यात कुठलंही फिल्टर लावा, अगदी कुत्र्याचे कान लावायचं, तरी चेहरा गपचूप उजळ होतो, हनुवटी निमुळती होते, नाक बारीक. कुणी विचारत नाही. तुझे आजोबा निदान विचारायचे, मी म्हटलं, किती उजळ करू म्हणून. २०२० मध्ये लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटने वर्ण निवडायचं फिल्टर काढून टाकलं, त्याच सुमारास १९७५ पासून चाललेल्या क्रीमने नावातून गोरेपणाचा शब्द काढला, मला त्याचं बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, पण ट्यूब तीच, रांगेत तिथेच, डोंबिवलीच्या मेडिकलमध्ये.

मागच्या पावसाळ्यात चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळ्यावरचे बाबांचे खोके उतरवले. निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, वर बाबांच्या अक्षरात नंबर आणि साल. पहिलं सापडलं आजीचं. हा आजीचा एकच मोठा फोटो, भिंतीवर हार घातलेला, लहानपणापासून बघतेय, आणि त्यात काहीतरी चुकतं असं कायम वाटायचं पण काय ते कळायचं नाही. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली आणि दिसलं. कपाळावर आणि हनुवटीवर पेन्सिल. बाबांनी सवयीने गोंदण पुसून टाकलं होतं. आजी म्हणायची, माणूस मेला की सोनंनाणं सगळं इथेच राहतं, बरोबर येतं ते फक्त गोंदण. न्यूझीलंडच्या माओरी बायका हनुवटीवर मोको गोंदवतात, मध्यंतरी ते जवळजवळ बंद पडलं होतं, आता परत करतात, आणि २०२० मध्ये तिथे नानाया माहुता ही हनुवटीवर मोको असलेली बाई परराष्ट्रमंत्री झाली, जगभर तसेच फोटो छापून आले. मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आजीच दिसली होती. आणि आमच्या भिंतीवरच्या आजीला मात्र ते नव्हतं.

दुसरं पाकीट आत्याचं, १९८१.

मीडियमवरची पेन्सिल टर्पेंटाइनने निघते हे मला बाबांना बघून माहीत होतं, चूक झाली की ते कापूस बुडवून पुसायचे. मी हार्डवेअरच्या दुकानातून बाटली आणली, मेडिकलमधून कापूस. हात थरथरत होता, चाळीस वर्षांची फिल्म, फाटली तर परत नाही. आधी कोपऱ्यावर करून बघितलं. मग गाल, मग कपाळ. कापसावर राखाडी रंग यायला लागला, बाबांचे दोन तास. टॅबलेटवर पांढरी स्क्रीन लावून वर निगेटिव्ह ठेवली, फोनने फोटो काढला, रंग उलटे केले. आणि आत्या आली. काळी, तेवीस वर्षांची, गालाच्या हाडावर दिव्याची चमक, वरच्या ओठावर थोडा घाम, जो पेन्सिलखाली पूर्ण बुजला होता.

रविवारी डोंबिवलीला गेले. आत्या आता सदुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, बाकी खणखणीत. दोन वर्षांनी ओळखीतूनच लग्न झालं होतं तिचं, संसार चांगला झाला. तिला मी काय केलंय ते आधी सांगितलं नाही, नुसता फोन हातात दिला. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, चेहऱ्यावरून खाली सरकवला, परत वर आणला. बराच वेळ बोलली नाही.

मग म्हणाली, "हा ब्लाउज वहिनीचा. मोठा व्हायचा मला, मागून टाचण्या लावल्या होत्या. एक टोचत होती सारखी, दादाला सांगितलं तर म्हणतो हलू नकोस. बघ, म्हणून हा खांदा असा वर आहे."

मी बघितलं. डावा खांदा खरंच वर होता. इतक्या वर्षांत, इतक्या जणांनी तो फोटो हातात घेतला होता, आणि खांद्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, माझंसुद्धा नाही.

"मोठा काढून आण," फोन परत देत ती म्हणाली. "बारा बाय पंधरा. फ्रेमचं मी बघते, इथे स्टेशनजवळ चांगला आहे एक. आणि आईचं पण गोंदण काढ बाहेर, तोच कापूस घेऊन."